खूण नसलेले एकेचाळीस

९ मार्च

भिंगरे,

फोन करत जाऊ नकोस, हे मी तुला चौथ्यांदा सांगतेय. मला ऐकू येत नाही आणि तू ओरडतेस. काल तू एवढी ओरडलीस की मला काही कळलं नाही, पण भिंतीपलीकडच्या शिंपीणबाईला सगळं कळलं. तिनंच येऊन सांगितलं, तुमच्या नातीला हरवलेल्या माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत कॉम्प्युटरचं काम लागलंय. माझ्या घरातली बातमी मला शेजारणीनं सांगायची! पत्र लिही. कागद ओरडत नाही.

ती कचेरी मला ठाऊक आहे. दुसरा मजला, जिन्याचा कठडा हलतो. बावीस वर्षांपूर्वी तुझा बाप पुलाला रंग द्यायच्या कामावर जातो म्हणून गेला आणि आला नाही. दोन महिने वाट बघून मी तिथे त्याची नोंद केली. तू पाच वर्षांची होतीस, बाकावर बसून माझ्या पिशवीचा बंद चघळत होतीस.

आता आतच बसली आहेस तर बघ. बावीस वर्षांत त्यांनी मला एक ओळ पाठवलेली नाही. शोधलं आणि सापडला नाही, की शोधलंच नाही, एवढं मला कळू दे. मरायच्या आधी बाकी काही कळायचं राहिलेलं नाही.

गुडघे होते तिथेच आहेत.

आजी

१७ मार्च

प्रिय आजी,

कठडा अजून हलतो. मी पहिल्याच दिवशी धरला आणि दचकले.

माझं काम सांगते. इथली यादी वीसेक वर्षं एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आहे. तो एका ब्राउझरच्या जुन्या आवृत्तीतच चालतो. ब्राउझर म्हणजे स्क्रीनवर पानं दाखवणारा. आता ती आवृत्ती बंद होणार, म्हणून सगळ्या नोंदी मला नव्या प्रोग्रॅममध्ये हलवायच्या आहेत. स्क्रीनवर दोन चौकटी दिसतात. डावीकडे 'जिवंत असावा', उजवीकडे 'मयत असावा'. एखाद्या दवाखान्यातून बिननावाच्या माणसाबद्दल पत्र आलं की कारकून डावीकडे शोधतो. अनोळखी प्रेत असेल तर उजवीकडे.

आजी, मी दोन्हीकडे शोधलं. नावानं, गावानं, वयानं. बाबा नाहीत.

रागावणार नसशील तर विचारते. तू फॉर्म खरंच दिला होतास ना? की रांग बघून परत आलीस? त्या दिवसांत तुझी काय अवस्था असेल मला कळतं. तसं असेल तर मला सांग, मी कुणाला बोलणार नाही.

तुझी
भिंगरी

२४ मार्च

भिंगरे,

रागावणार नसशील तर, म्हणे. रागावलेय. रांग बघून परत येणारी बाई एकतीस वर्षं रुग्णालयाच्या धुलाईघरात टिकत नाही.

पावतीचा नंबर १९०७. पावती मी पाठवत नाही, तुमच्या कचेरीत कागद कसे ठेवतात ते दिसलंच. नंबर उतरवून घे. आणि मी गेले होते की नाही याचा पुरावा हवा असेल तर ऐक. खिडकीत एक चष्मेवाला होता. फॉर्मावर दोन चौकोन होते. तो म्हणाला, "बाई, इथे खूण करा. जिवंत की मयत?"

म्हटलं, "ते तुम्ही शोधायचं ना? मला माहीत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

"अंदाजानं करा हो."

"तुमच्या मुलाचं तुम्ही अंदाजानं कराल?"

मागची सगळी रांग हसली. "राहू द्या, रिकामंच राहू द्या," म्हणून त्यानं शिक्का हाणला. मी बघितलं नाही ते मी सांगत नाही, कधी सांगितलं नाही. बाकी सगळं भरलं. वय, उंची, डाव्या कानाची पाळी फाटलेली, आणि सदऱ्याच्या कॉलरच्या आत लाल दोऱ्याचे तीन टाके, मधला आडवा. त्या रंगाऱ्यांच्या टोळीत बारा जण एका दोरीवर कपडे वाळत घालायचे, म्हणून मी त्याच्या प्रत्येक सदऱ्यावर ती खूण घालत होते.

आता नीट शोध. आणि मी दिला का, हे पुन्हा विचारू नकोस.

आजी

८ एप्रिल

प्रिय आजी,

चुकले. कान धरते. बाबा सापडले! म्हणजे त्यांची नोंद सापडली. नंबर १९०७, तू म्हणालीस तशीच, कान आणि टाक्यांसकट.

झालं काय ते सांगते. स्क्रीनवरचं पान म्हणजे नुसता सांगाडा असतो. तो एका वेगळ्या भाषेत लिहिलेला आहे, ती भाषा आता कुणी शिकतही नाही. सांगाड्यात रिकाम्या जागा असतात. माणसांच्या नोंदी वेगळ्या फाइलमध्ये असतात आणि त्या येऊन या जागांवर बसतात. कुठली नोंद कुठे बसणार हे तिच्यावरच्या खुणेवरून ठरतं. एका जागेला सांगून ठेवलंय, 'जिवंत' अशी खूण असेल त्यालाच आत घे. दुसरीला सांगितलंय, 'मयत' खुणेचेच घे.

आणि जिच्यावर खूणच नाही? ती कुठेच बसत नाही. ती पुसली जात नाही, चूक म्हणून लाल दिवा लागत नाही, कुणाला काही कळतही नाही. फाइलमध्ये ती असते, फक्त दिसत नाही. आणि कारकून जे दिसतं त्यातच शोधतो. अशा वेळी शेवटी एक जागा बिनअटीची ठेवायची असते, उरलेल्या सगळ्यांसाठी. एका ओळीचं काम. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ती ओळ लिहिली नाही.

मी मोजलं. फाइलमध्ये ३,३१८ माणसं आहेत, स्क्रीनवर ३,२७७. एकेचाळीस जण गायब, त्यात बाबा. कुणीतरी टाइप करताना त्यांच्या खुणा गाळल्या असणार.

तुझी
भिंगरी

१५ एप्रिल

भिंगरे,

हे तू मला शिकवतेस? हेच मी जन्मभर केलं. हिरवा दोरा लहान मुलांचा वॉर्ड, निळा बाळंतिणींचा, पिवळा शस्त्रक्रियेचा. चादर हातात आली की कोपरा उलटायचा, दोरा बघायचा, त्या ढिगात टाकायची. माझ्या हाताखाली कामाला आलेल्या प्रत्येक पोरीला मी पहिल्या दिवशी सांगायचे, खूण नसलेली चादर कुणाचीच नसते.

पण आमच्याकडे कोपऱ्यात एक टोपली होती. बिनखुणेचं सगळं तिच्यात. शनिवारी सगळ्या वॉर्डांच्या बायका येऊन ती उपसायच्या, भांडायच्या, आपलं आपलं घेऊन जायच्या. उरलेल्याचे पोतेरे व्हायचे, पण एकदा तरी सगळ्यांच्या नजरेखालून जायचं. तुमच्या शिकलेल्यांना एक टोपली ठेवायचं सुचलं नाही.

आणि तो टाइप करणारा कोण? जिवंत असेल तर त्याचा पत्ता दे, मी त्याला पत्र लिहीन. माझी पत्रं लोक जपून ठेवत नाहीत, पण विसरतही नाहीत.

ते जाऊ दे. आता तुला तो दिसतोय. तर दवाखान्यांतून आजवर आलेली सगळी पत्रं काढ. कुणी कधी लाल दोऱ्याच्या तीन टाक्यांबद्दल विचारलं होतं का, ते बघ. मधला आडवा. असे टाके माझ्याशिवाय दुसरं कुणी घालत नाही.

लवकर लिही.

आजी

२ जून

प्रिय आजी,

उशीर झाला, माफ कर. काम फार होतं.

जुनी पत्रं बघितली. खास काही मिळालं नाही. बरीच फाइल ओलाव्यानं खराब झाली आहे. तू फार विचार करू नकोस. बावीस वर्षं झाली आजी, आता मनाला लावून घेऊ नकोस. गुडघ्यांना लावायचं तेल पाठवलंय, झोपण्याआधी चोळत जा. तुझी खूप आठवण येते. तू आहेस म्हणून मी आहे.

तुझी लाडकी
भिंगरी

९ जून

भिंगरे,

सात आठवड्यांनी आठ ओळी. तेल पोचलं. तू जन्मात मला 'तुझी लाडकी' असं लिहिलेलं नाहीस, आणि मीही तुला तसं वाढवलेलं नाही. तुझ्या बापानं माझी इस्त्री जाळली होती तेव्हा तोही असाच दिवसभर गोड बोलत होता.

तुला काहीतरी सापडलंय.

दुसरं. तुझं एप्रिलचं पत्र मी पुन्हा वाचलं. मला वेळ लागतो, मी तिसरीत शाळा सोडली, पण वाचते ते सोडत नाही. मग ट्रंकेतून फॉर्माची माझी प्रत काढली. कार्बनची, जांभळी. दोन चौकोन आहेत. दोन्ही रिकामे. टाइप करणाऱ्यानं काही गाळलेलं नाही. कागदावर नव्हतं ते त्यानं कुठून आणायचं?

ते तुला एप्रिलमध्येच कळलं होतं. टाइप करणाऱ्यावर ढकलून तू मला वाचवत होतीस. मला वाचवायला मी काय काचेचं भांडं आहे? भांडण मी केलं, रांगेला हसवलं मी, रिकामं मी ठेवलं. सगळ्या रुग्णालयाच्या चादरींना खुणा घातल्या आणि पोटच्या पोराला बिनखुणेचा पुढे सरकवला.

आता राहिलेलं सांग. सरळ सांग. साखर लावलीस तर पत्र परत पाठवीन.

आजी

२० जून

आजी,

सांगते.

लाल टाक्यांबद्दल पत्र आलं होतं. एक नाही, चार. चारही एका निराधारगृहातून, इथून बसनं चार तासांवर. पहिलं एकोणीस वर्षांपूर्वीचं. रस्त्याच्या कडेला सापडलेला माणूस, डोक्याला जुना मार, बोलता येत नाही, नाव सांगता येत नाही. डाव्या कानाची पाळी फाटलेली. सदऱ्याच्या कॉलरमध्ये लाल दोऱ्याचे तीन टाके, मधला आडवा. हे सगळं पत्रात लिहिलेलं आहे. कारकुनानं डाव्या चौकटीत शोधलं आणि उत्तर पाठवलं, 'जुळणारी नोंद नाही.' चारही वेळा तेच उत्तर. त्यानं प्रामाणिकपणे शोधलं होतं आजी. त्याला दिसत नव्हतं.

मी मे महिन्यात तिथे जाऊन आले. बाबा तिथे सोळा वर्षं होते. तीन वर्षांपूर्वी गेले. न्यूमोनिया झाला होता, फार दिवस त्रास झाला नाही, असं तिथल्या मेट्रन म्हणाल्या. तू साखर नको म्हणालीस, म्हणून हेही सांगते की त्या हे सगळ्यांनाच सांगत असतील असं मला वाटलं.

त्यांना बाबा चांगले आठवत होते. म्हणाल्या, "तो आमच्या चादरी घड्या करायचा. कुणी शिकवलं नव्हतं. आधी कोपरा उलटून बघायचा, मग घडी घालायचा, आणि तो कोपरा नेहमी वर ठेवायचा. आमच्या चादरींवर काही नव्हतंच, तरी दर वेळी बघायचा." मी बाहेर येऊन पायरीवर बसले.

सदरा उरलेला नाही. एक फोटो होता, सगळ्यांचा मिळून. त्याची प्रत सोबत आहे. दुसरी रांग, डावीकडून तिसरे.

आणखी एक. ज्यांच्यावर खूण नाही त्या नोंदी नव्या प्रोग्रॅममध्ये घ्यायच्या नाहीत, असा साहेबांचा हुकूम आहे. अपूर्ण म्हणून. बाबांची घ्यायची असेल तर नातेवाइकाला नव्यानं खूण करून सही द्यावी लागेल. फॉर्म पाठवतेय. चौकोन तेच आहेत. तीस तारखेच्या आत पोचला पाहिजे. तुला नको असेल तर राहू दे.

भिंगरी

२५ जून

भिंगरे,

फोटो बघितला. तोच आहे. केस माझ्यापेक्षा पांढरे झाले होते त्याचे. सदरा दुसऱ्याच कुणाचा तरी, खांद्यात उतरलेला.

सहा वर्षांचा असताना शाळा सुटली की धुलाईघरात येऊन बसायचा. हातांना काम दिलं की पोर गप्प राहतं, म्हणून मी त्याला कोपरे उलटायला बसवायचे. रंग ओळखून ओरडायचा, "हिरवा! निळा!" नाव विसरला, मला विसरला, ते मात्र राहिलं. त्या बाईंना कळव की त्याला शिकवलं होतं. कुणी शिकवलं नव्हतं असं त्यांच्या डोक्यात राहायला नको.

बसनं चार तास. मी तुला घेऊन डॉक्टरकडे जायचे तेव्हा त्याहून जास्त वेळ बाकावर बसायचे.

फॉर्म भरला. 'मयत'वर खूण केली. बघितलं नाही ते सांगत नाही म्हणाले होते, आता बघितलं. सही वाकडी आहे, पण माझीच आहे. शिंपीणबाईच्या हातून सकाळीच टपालात टाकते.

ते बाकीचे चाळीस. त्यांच्या घरच्यांना कुणी कळवणार आहे का? मला ते पत्ते पाठव.

आजी

६ जुलै

आजी,

फॉर्म दोन तारखेला पोचला. मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिले, टपालाचा शिक्का दाखवला, ही माझ्या वडिलांची नोंद आहे म्हणाले. ते वाईट नाहीत. म्हणाले, "बाई, वडील सापडले ना तुम्हाला? मग हरवलेल्यांच्या यादीत त्यांचं काय काम?" नोंद घेतली नाहीच. जुना ब्राउझर एक तारखेलाच काढून टाकला होता. फाइल कपाटात एका डिस्कवर आहे.

चाळीस जणांचं मी विचारलं. पत्र पाठवायची तरतूद नाही म्हणाले. चौकशीची जुनी पत्रं मी माझ्या जेवणाच्या सुट्टीत ताडून बघतेय. आत्तापर्यंत सहा जण जुळले. सहाही जण आता जिवंत नाहीत.

पत्ते सोबत आहेत, त्या सहांची यादी वेगळी केली आहे. हे मी द्यायला नको होते. वीस वर्षांपूर्वीचे आहेत, त्यांतले किती खरे असतील देव जाणे.

भिंगरी

२९ सप्टेंबर

भिंगरे,

चाळीस पत्रं लिहिली. रोज एक. त्याहून जास्त बोटांना झेपत नाही. प्रत्येकात तेच लिहिलं, की तुमचं माणूस कचेरीच्या यादीत होतं पण दिसत नव्हतं, कारण फॉर्मावर दोनांपैकी एका चौकोनात खूण नव्हती. माझंही तसंच झालं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून कळवते. त्या सहा घरांनाही एवढंच लिहिलं. बाकीचं विचारलं तर सांगायचं ठरवलं होतं.

एकतीस परत आली. 'या पत्त्यावर कुणी राहत नाही.' टपालवाला आता ती माझ्या दारात टाकताना माझ्याकडे बघत नाही. आठांचं काहीच नाही.

काल एक उत्तर आलं. एक बाई आहे, माझ्याच वयाची असावी, अक्षर माझ्याहून वाईट. तिची मुलगी हरवली होती, एकोणीस वर्षांची, गिरणीतून घरी येताना. बाई लिहिते, "खिडकीतल्या माणसानं जिवंत की मयत असं विचारलं तेव्हा माझा हात उचलला गेला नाही. जिवंत लिहावं तर दृष्ट लागेल, मयत लिहावं तर माझ्याच हातानं मारल्यासारखं होईल. म्हणून मी रिकामं ठेवलं." मला वाटायचं, त्या रांगेत तोंड चालवून रिकामं ठेवणारी मी एकटीच. बाकीच्या चाळीस जणी गप्प बसून तेच करून आल्या असतील.

शेवटी तिनं विचारलंय, "आता यादीत दिसायला लागली असेल तर सापडेल ना हो? मी दार अजून आतून लावत नाही."

तुझी यादी मी बघितली. तिची मुलगी त्या सहांमध्ये आहे. चौथी.

तुला साखर लावू नकोस म्हणून मी झापलं होतं. लोकांना तोंडावर बोलायला मी कधी घाबरले नाही, तुला ठाऊक आहे. सकाळपासून कागद घेऊन बसलेय. वर तारीख घातली, तिचं नाव घातलं. पाकिटावर पत्ता लिहून झाला, तिकीटही लावलं.

आत अजून काही लिहिलेलं नाही.

आजी